सातारच्या राजाचे अपील

श्रोतेहो, अपील हा शब्द मुळात इंग्रजी आहे, हे आता मुद्दाम सांगावे लागते. बांधाचा कज्जा असो नाहीतर वाटणीचा, मामलेदाराकडे हरलेला माणूस पारावर टेकला की पहिले वाक्य बोलतो, "अपील करणार." मामलेदाराकडून प्रांताकडे, प्रांताकडून कलेक्टरकडे, तिथून कमिशनरकडे. वहाणा झिजतात, दावणीची म्हैस विकली जाते, तरी माणूस जात राहतो. वर कुठेतरी एक साहेब बसला आहे आणि तो आपले कागद शेवटपर्यंत वाचील, एवढी एक गोष्ट त्याच्या मनात पक्की असते.

आज ज्या अपिलाची गोष्ट सांगायची आहे, ते एका राजाने केले होते. शिवछत्रपतींच्या वंशातला, सातारच्या गादीवरचा राजा. १८३९ साली इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवले आणि काशीला नेऊन नजरकैदेत ठेवले. तिथून त्याने दाद मागितली. ती मागणी आठ वर्षे त्याने स्वतः चालवली आणि त्याच्या मागे त्याच्या वकिलाने आणखी सहा वर्षे. शाळेच्या पुस्तकात हे सारे एका ओळीत उरकते : "प्रतापसिंहास पदच्युत करून त्याच्या भावास गादीवर बसविले." शिक्षक बंधुभगिनींनी ही ओळ शिकवताना थोडे थांबावे, म्हणून हे भाषण.

प्रतापसिंह महाराज जन्मले १७९३ मध्ये आणि गादीवर आले १८०८ मध्ये. गादी म्हणजे नावाचीच, सत्ता पेशव्यांची. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि छत्रपतींचे कुटुंब इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवायची तर मराठी मुलखाला काहीतरी दाखवायला हवे होते, म्हणून एल्फिन्स्टनने सातारचे छोटेसे राज्य उभे केले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. इतर राजेरजवाड्यांशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही, जे काही असेल ते रेसिडेंटामार्फत, असे त्यातले एक कलम होते. हे कलम लक्षात ठेवा. पुढचे सगळे रामायण त्याच्यावरच रचले गेले.

हे राज्य किती मोठे होते? आजचा सातारा जिल्हा तर त्यात होताच, शिवाय आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो त्यातला वाळवा-खानापूरकडचा मुलूखही होता. जतचे डफळे सातारचे जहागीरदार होते. सांगली जिल्ह्याची वेगळी पाटी तर फार उशिरा लागली. १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून तो निघाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. तेव्हा ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांच्या मालकीची आहे.

सांगलीचा आणखी एक धागा आहे, तो जरा अवघड आहे. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन आणि प्रतापसिंह यांचे बनत नव्हते. वेदोक्त की पुराणोक्त, या वादात महाराज एका बाजूला आणि चिंतामणराव दुसऱ्या बाजूला. त्या काळी हा वाद म्हणजे केवळ भटजीच्या मंत्रांचा प्रश्न नव्हता. कोण कोणाच्या वर, याचा तो झगडा होता. त्याच पक्षाला बाळाजीपंत नातू होते. शनिवारवाड्यावर कंपनीचे निशाण चढवणारे तेच हे नातू. पुढे महाराजांवर किटाळ आले तेव्हा जुन्या वैऱ्यांनी हात धुऊन घेतले, असे महाराजांच्या बाजूचे लोक सांगत. सगळा दोष जातीच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. पण घरातली फूट परक्याला दार उघडून देते, हे तर गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतही दिसते.

महाराज राज्य कसे करीत? उत्तम करीत, अशी ग्वाही खुद्द इंग्रजांची आहे. शहराला पाणी मिळावे म्हणून महादऱ्याचे तळे, महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता, साताऱ्यात पाठशाळा, छापखाना. रोजनिशी स्वतःची स्वतः लिहिणारा हा राजा होता. १८३५ च्या अखेरीस लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांनी त्यांच्या कारभाराची तारीफ करणारे पत्र लिहिले आणि भेट म्हणून रत्नजडित तलवार धाडली. ती तलवार मुंबईपर्यंत आली. महाराजांच्या हातात कधी पडलीच नाही.

का पडली नाही? कारण तोपर्यंत मुंबई सरकारशी खटका उडाला होता. जहागीरदार निपुत्रिक वारला तर जहागीर कोणाकडे जायची, महाराजांकडे की कंपनीकडे, हा वाद होता. लंडनच्या डायरेक्टरांनी महाराजांच्या बाजूने लिहिले, पण ते मुंबईने महाराजांना कळवलेच नाही. मधल्या कचेरीने वरचा हुकूम दाबून ठेवावा, ही तऱ्हा आपल्याला काही नवी नाही. महाराजांनी मग विलायतेला स्वतःचा माणूस पाठवायचे ठरवले. मुंबईच्या साहेबांना झोंबले ते हेच.

१८३६ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एक गुप्त चौकशी समिती बसली. रेसिडेंट लॉडविक, सरकारचे सेक्रेटरी विलोबी आणि कर्नल ओव्हान्स असे तिघे. आरोप असा, की महाराजांनी तेविसाव्या पलटणीतल्या दोन देशी सुभेदारांना फितवण्याचा घाट घातला. पुढे त्यात दोन आरोपांची भर पडली. एक, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधून तीस हजार फौज आणवायची होती. दुसरा, नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रे चालली होती. आता आप्पासाहेबांची तेव्हाची अवस्था बघा. राज्य गेलेले, जवळ पैसा नाही, जोधपूरच्या आश्रयाला पडलेले. आणि गोव्याकडे तीस हजार फौज कुठली असायला? पुढे त्या गव्हर्नराने, डॉन मॅन्युएलने, असे काही घडले नाही असेच कळवले.

पण आरोप खरा की खोटा, त्याहून तो सिद्ध कसा केला हे पाहण्यासारखे आहे. सुभेदारांच्या प्रकरणात महाराजांना समितीपुढे बोलता तरी आले. गोव्याचा आणि नागपूरचा पुरावा मात्र त्यांच्या पाठीमागे गोळा झाला. त्यांचे एक जुने दिवाण गोविंदराव यांना धरून नगरला कैदेत ठेवले होते. त्यांची आई गिरजाबाई, हिच्या नावाने सरकारकडे अर्ज आला, आणि त्यात महाराजांवर ठपका होता. नगरच्या कैदेत गोविंदरावांचा कबुलीजबाब झाला. आईचा अर्ज आणि मुलाची कबुली, दोन्ही एकमेकांना धरून! पण पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या गृहस्थाने सरकारलाच अर्ज केला, की गिरजाबाईच्या नावाचा तो अर्ज मी लिहिला, त्याबद्दल ठरलेले बक्षीस मला अजून मिळालेले नाही. खोटा दस्त करणारा मजुरीसाठी भांडायला आला, तेव्हा कुठे ही गोष्ट उजेडात आली. तोपर्यंत राजा काशीला जाऊन पडला होता.

महाराजांची मागणी पहिल्यापासून एकच होती. माझ्यावर आरोप काय ते लिहून द्या, पुराव्याच्या कागदांच्या नकला द्या, आणि कोणी निःपक्षपाती माणसे बसवून माझे म्हणणे ऐका. नकला मिळाल्या नाहीत. १८३८ मध्ये खुद्द डायरेक्टरांनीही लिहिले होते, की ही चौकशी आणखी चालवणे म्हणजे वेळेचा अपव्यय आणि सरकारच्या अब्रूला बाधक. ते पत्रही कागदांच्या ढिगात राहिले.

१८३९ च्या मे महिन्यात मुंबईला नवे गव्हर्नर आले, सर जेम्स कार्नॅक. हे गृहस्थ आधी लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांचे अध्यक्ष होते. म्हणजे ज्या कोर्टाकडे पुढे अपील जायचे, त्याच कोर्टाचे काल-परवाचे मुख्य इथे शिक्षा द्यायला आले. ऑगस्टमध्ये ते स्वतः साताऱ्यास आले. महाराजांपुढे त्यांनी एक कागद ठेवला. १८१९ चा तह यापुढे काटेकोर पाळीन वगैरे अटी त्यात होत्या, आणि सही केली की मागचे सारे माफ, गादी कायम. अटींना महाराजांची हरकत नव्हती. हरकत होती ती कागदाच्या सुरुवातीच्या मजकुराला. सही केली असती तर आपण तह मोडला हे त्यांनीच कबूल केल्यासारखे झाले असते.

इथे क्षणभर त्यांच्या जागी आपण बसून पाहावे. एका सहीने राज्य वाचते. कारभारी आणि नातेवाईक सांगत असतील, की महाराज, कागदच आहे, सही करा, पुढचे पुढे पाहू. आपल्यापैकी कितीजणांनी असल्या कागदावर अंगठा उमटवला नाही? सावकाराच्या ओसरीवर तर ती रीतच होती. महाराजांनी सही केली नाही. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देणार नाही, राज्य घ्यायचे तर घ्या, असा त्यांचा जबाब होता. गादी सोडायला ते तयार होते, गुन्हा कबूल करायला नव्हते.

५ सप्टेंबर १८३९. उजाडण्यापूर्वी फौजेने वाड्याला वेढा दिला. ओव्हान्स आत गेला, महाराज बिछान्यावर होते. त्यांनी आपल्या लोकांना हात उचलायची मनाई आधीच करून ठेवली होती. त्यांना पालखीत घालून कृष्णाकाठच्या लिंब गावी नेले आणि काही दिवसांनी काशीची वाट दाखवली. ही वाट कित्येक महिन्यांची होती. बरोबर त्यांचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती होते, आजारी. त्यांनी वाटेतच प्राण सोडला. १८४० च्या मार्चमध्ये मंडळी काशीस पोहोचली. महिना दहा हजार रुपये नेमणूक झाली आणि पहारा बसला. इकडे साताऱ्यात नोव्हेंबरमध्येच धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसले होते.

आता अपिलाकडे येतो.

अपील करायचे तर कोणाकडे? महाराजांवर खटला चाललाच नव्हता, त्यामुळे निकालपत्र असे काही नव्हते. निकाल नाही, मग अपील तरी कशावर करणार? शिक्षा मात्र पुरेपूर झाली होती. मुंबई सरकार म्हणे, हे कलकत्त्याच्या संमतीने झाले. कलकत्ता म्हणे, लंडनकडे पाहा. लंडनला कंपनीची दोन 'कोर्टे' होती. श्रोत्यांनी नावाला फसू नये, यातल्या एकाही कोर्टात न्यायाधीश नव्हता. चोवीस डायरेक्टरांची सभा ते 'कोर्ट ऑफ डायरेक्टर्स' आणि कंपनीच्या भागीदारांची सभा ते 'कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स'. भागीदारांच्या सभेत पाचशे पौंडांचा भाग असला तर बोलता येई, हजाराचा असला तर एक मत, आणि दहा हजारांचा असला तर चार मते. शिवरायांच्या वंशजाने न्याय मागायचा, आणि तो द्यायचा की नाही हे ठरवणार भागभांडवलाच्या हिशेबाने! या सगळ्यांच्या वर सरकारचे 'बोर्ड ऑफ कंट्रोल'. तिथे हॉबहाउस साहेब. १८३५ पासून १८४१ पर्यंत तेच, आणि १८४६ नंतर पुन्हा तेच. ज्यांच्या कारकीर्दीत राजाला उतरवले, त्यांच्यापुढेच फेरविचाराची मागणी जायची.

ही मागणी घेऊन विलायतेला गेलेल्या मंडळींत एक होते रंगो बापूजी गुप्ते. कारी गावचे. शिवाजीराजांचे सुरुवातीचे सोबती, रोहिडखोऱ्याचे दादाजी नरसप्रभू देशपांडे, यांच्या घराण्यातले. १८४० मध्ये ते लंडनला पोहोचले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. मिसरात उतरून वाळवंट ओलांडायचे आणि पुन्हा जहाज धरायचे. काही काळाने सोबती परतले, रंगो बापूजी राहिले. वर्षभराचे काम म्हणून गेलेला माणूस १८५३ पर्यंत तिथे होता.

तिथे त्यांनी काय केले? तर इंग्रजी शिकले. डोक्याला पागोटे तसेच ठेवून कंपनीच्या कचेरीत, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसात, ते जात राहिले. अर्ज लिहिले, छापून वाटले, भागीदारांच्या घरी गेले, त्यांच्या सभेत भाषणे केली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठले. इंग्रजांतलीच भली माणसे त्यांनी जोडली. गुलामगिरीविरुद्ध लढलेला जॉर्ज थॉम्सन, पार्लमेंटातला जोसेफ ह्यूम, साताऱ्यास रेसिडेंट राहून गेलेला ब्रिग्ज. आणि आश्चर्य म्हणजे समितीत बसलेला लॉडविकही. इंग्लंडला परतल्यावर तो महाराजांच्या बाजूने उभा राहिला. ज्याच्या सहीने राजा दोषी ठरला, त्याचाच भरवसा उडाला होता! एवढ्यावर तरी फेरचौकशी व्हायला हवी होती, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटते.

पण झाली नाही. भागीदारांच्या सभेत वादविवाद झाले, दिवसचे दिवस चालले, आणि ठराव पडले. ह्यूमने १८४५ मध्ये आणि पुन्हा १८४७ मध्ये पार्लमेंटात प्रश्न काढला. सातारा प्रकरणाचे कागद छापले गेले, ते जाडजूड ग्रंथ आजही ग्रंथालयांत आहेत. उत्तर मात्र ठरलेले असे. प्रकरण संपले आहे, ते पुन्हा उघडता येत नाही. आणि राजाला काही म्हणायचेच असेल तर त्याने रीतसर, हिंदुस्थानातल्या सरकारमार्फत म्हणावे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातून तक्रार पाठवायची. रंगो बापूजींच्या आधी महाराजांनी पाठवलेल्या मीर अफझल अली या वकिलालाही हीच सबब सांगून दाराबाहेर ठेवले होते.

काशीहून पत्र लंडनला जायला आणि उत्तर यायला महिने लागत. महाराज तिथून कागद धाडत, रंगो बापूजी तिकडून कळवत. मागणी तीच : माफी नको, ऐकून घ्या. राज्य परत मिळाले नाही तरी चालेल, पण मी निमकहराम नाही हे ठरू द्या. दर नकाराबरोबर हे दोघे नवा अर्ज करीत. याला कुणी वेड म्हणेल. मी तसे म्हणणार नाही. हिंदुस्थानातल्या एका माणसाने राज्यकर्त्यांच्या राजधानीत जाऊन, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच कायद्याचा दाखला देऊन इतकी वर्षे भांडण चालवावे, हे त्या काळात विरळा होते. पुढे दादाभाईंनी आणि लोकमान्यांनी विलायतेत जे केले, त्याची ही पहिली पायवाट म्हणायला हरकत नाही.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीला वारले. अपील चालू होते. बाळासाहेब सेनापतींच्या मुलाला, शाहूला, त्यांनी दत्तक घेतले होते. सहा महिन्यांत, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्यात आप्पासाहेबही वारले. त्यांनीही मरताना दत्तक घेतला. डलहौसीने दोन्ही दत्तक बाजूला सारून राज्य खालसा केले. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर क्लार्क यांनी स्वतः विरोध नोंदवला होता, तोही गेला ढिगात. मोठ्या भावाने सही केली नाही म्हणून गादी गेली. धाकट्याने साहेबांचे सगळे ऐकले, तरी शेवटी गेलीच. ज्यांना वाटते की महाराजांनी त्या दिवशी हट्ट केला नसता तर राज्य वाचले असते, त्यांनी हा धाकट्याचा शेवटही बघावा. रंगो बापूजी लंडनला राणीसाहेबांच्या आणि दत्तक मुलाच्या बाजूने आणखी काही वर्षे झगडले. कर्ज झाले. १८५३ च्या सुमारास हिंदुस्थानकडे निघाले.

आता एक प्रश्न शिक्षक मंडळी विचारतील, आणि विचारावा. महाराज पूर्ण निर्दोष होते का? कोणाला कधी एकही पत्र गेले नाही, अशी शपथ मी घेणार नाही. राज्य करणारा माणूस इकडेतिकडे चाचपून पाहतोच. पण तीस हजार फौजेचा आरोप शाबीत करणारा पुरावा असता, तर तो दाखवायला कंपनीला अडचण कसली होती? चौकशी नाकारली, त्यामुळे खरे काय ते कायमचे गाडले गेले. आपल्या लेखकांतही दोन तट आहेत. एकाला प्रतापसिंह देवमाणूस वाटतात, दुसऱ्याला भोळे. मला ते दोन्ही वाटत नाहीत. आपल्या शब्दाला किंमत आहे असे मानणारा आणि ती किंमत मोजायला तयार असलेला एक शहाणा माणूस, एवढेच दिसते.

साताऱ्यात प्रतापसिंहांचे नाव दिलेली शाळा आहे. ती सरकारी शाळा होती तेव्हा, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, तिथे भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. हेच पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हक्क हिरावला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे, हे आज घटनेचे बत्तिसावे कलम आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी त्यालाच घटनेचा आत्मा म्हटले. दाद मागण्याची जागा नसेल तर बाकीचे हक्क कागदावरच राहतात, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आणि तरीही नकलेची गोष्ट संपली नव्हती. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलेच एक प्रकरण आले, होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. उच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालावर कैद्याचे अपील चार वर्षांहून जास्त उशिरा आले होते. निकालाची नकल आपल्याला वेळेवर मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे. नकल येरवड्याच्या तुरुंगात गेली होती, पण ती कैद्याच्या हाती पडल्याची पोच नव्हती. अपील ऐकले गेले नाही, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की तुरुंगातल्या माणसाला निकालाची नकल वेळेवर, फुकट मिळाली पाहिजे, त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि गरिबाला वकील दिला पाहिजे. राजाला जी नकल मिळाली नाही, ती आज खून केलेल्या कैद्यालाही कायद्याने मिळते. तुमच्या गावचा कुणी तुरुंगात असेल आणि घरचे लोक 'आता काय करायचे' म्हणून बसले असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगा. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. साताऱ्यात आहे, सांगलीतही आहे. तिथे फी लागत नाही.

रंगो बापूजी परतले तेव्हा साताऱ्यात राज्य उरले नव्हते. चौदा वर्षे कागद लिहून पाहिले होते. १८५७ चा उठाव उत्तरेत पेटला, तसे साताऱ्यातही कट शिजत असल्याचे सरकारला समजले, आणि त्याच्या मुळाशी लंडनहून आलेले हे वकील आहेत असे ठरले. धरपकड झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. कोणाला फाशी, कोणाला तोफेच्या तोंडी, कोणाला गोळी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

स्वतः रंगो बापूजी त्या आधीच ठाण्यातून निसटले होते. सरकारने पुष्कळ शोध केला. ते कुठे गेले, कुठे वारले, हे सरकारी दप्तरात कुठेच लिहिलेले नाही.